पाण्याची भीती आणि लंकेची सहल

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमची मुलगी छत्रपती संभाजीनगरहून घरी आली. ती तिथे कॉलेजात शिकते. रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, आपण श्रीलंकेला जाणारच आहोत, तर तिथं मला सर्फिंग शिकायचं आहे." आम्ही विचारले, "ते काय असते?" ती म्हणाली, "फळीवर उभं राहून लाटेवरून किनाऱ्याला यायचं."

आमच्या आईने घास हातातच धरला. "पोरी, फळीवर उभं राहून कुठं जायाचं गं तुला?" सगळे हसले. आम्ही मात्र हसलो नाही. आम्ही सरळ "नाही" म्हणालो आणि ताटावरून उठलो.

श्रीलंकेचा बेत जुना आहे. तो आईचा. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले होते, हे तिने भाषणांतून अनेकदा ऐकलेले. अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच तिची इच्छा. आम्ही पडलो कारकून. पगार महिन्याच्या महिन्याला संपणारा. म्हणून पतसंस्थेत दरमहा तीन हजारांची आवर्त ठेव सुरू केली. पाच वर्षांत मुद्दल १ लाख ८० हजार होते आणि वर व्याज. बी.कॉम. झाल्याचा घरात एवढाच काय तो उपयोग! घनसावंगीहून जालना, जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई आणि मुंबईहून कोलंबो विमानाने सुमारे अडीच तास, असा सगळा आराखडा वहीत मांडून ठेवलेला होता. त्यात समुद्र कुठेच नव्हता.

खरे सांगायचे तर समुद्र आमच्या आयुष्यातच फारसा नाही. लहानपणापासून दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला जातो. चैत्यभूमीच्या मागे समुद्र आहे. रांगेत तासन्तास उभे राहतो, त्याचा आवाज ऐकतो, वारा अंगावर घेतो. पण इतक्या वर्षांत आम्ही त्या पाण्यात पाऊलही भिजवलेले नाही. कारण आम्हाला पाण्याची भीती वाटते. आम्हाला पोहता येत नाही. आमच्या वडिलांना येत नव्हते, आजोबांनाही येत नव्हते.

आमच्या लहानपणी गावातली पोरे उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या थोरल्या माणसाच्या हातात. आठ दिवसांत पोरगे हातपाय मारू लागे. आम्ही दुरून बघत असू. "तुम्ही येऊ नका," असे कोणी तोंडावर म्हणत नसे, पण आमच्यापैकी कोणी पायरीवर पाय ठेवला की मालकाचा आवाज चढे. मग आम्ही ढेकळे तुडवत परत येत असू. आपल्याला पोहता येत नाही याची पुढे लाजही वाटेनाशी झाली. पोहणे हे आपले कामच नव्हे, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

मग जायकवाडीचा डावा कालवा. कालवा कोणाला अडवत नाही. पाणी सुटले की वस्तीतली पोरे त्यात उड्या मारतात. पण त्यांना शिकवलेले कोणी नसते, दोर धरणारे कोणी नसते. बाजूचे अस्तर शेवाळाने गुळगुळीत, धरायला काही नाही. काही वर्षांपूर्वी वस्तीतला एक सोळा वर्षांचा मुलगा असाच गेला. वस्तीत काही झाले की कागद लिहायला लोक आम्हाला बोलावतात. त्या मुलाच्या मदतीचा अर्ज आम्हीच लिहिला. 'मृत्यूचे कारण' या रकान्यात 'पाण्यात बुडून' असे लिहिताना आमचा हात थरथरला. मुलीला "नाही" म्हणताना तो रकाना आमच्या डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईने आम्हाला चांगलेच सुनावले. "तुम्हाला पाण्याची भीती वाटते, ती तुमच्या वाट्याला आली म्हणून. ती पोरीच्या वाट्याला कशाला द्यायची?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग आम्ही नेहमीचेच केले. कागद-पेन घेऊन माहिती काढायला बसलो. सर्फिंग मूळचे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे, त्यातही हवाईचे. तिथे राजेरजवाड्यांपासून सामान्य माणसांपर्यंत सगळे लाटेवर जात. पण लांबलचक 'ओलो' फळ्या सरदारांच्या. सामान्यांनी आखूड फळ्या वापरायच्या. काही किनारे आणि लाटा तर सरदारांसाठीच राखून ठेवलेल्या असत. तिथे सामान्याने जायचे नाही, गेला तर शिक्षा. या निषेधाच्या व्यवस्थेला ते 'कापू' म्हणत. १८१९ मध्ये ती मोडली. हे वाचले आणि आम्ही वही मिटून थोडा वेळ गप्प बसलो. समुद्रासारख्या समुद्रातसुद्धा माणसाने पायऱ्या बांधल्या होत्या! पुढे त्याच हवाईचा ड्यूक कहानामोकू १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकला आणि त्याने हा खेळ जगभर नेला. टोकियोच्या खेळांत, २०२१ मध्ये, सर्फिंग ऑलिंपिकमध्येही आले. आपल्या देशात कर्नाटकातल्या मुल्कीला आणि तामिळनाडूत महाबलीपुरमला ते शिकवतात. म्हणजे मुलगी काही जगावेगळे मागत नव्हती.

आता प्रश्न आला वेळेचा. आईला वैशाख पौर्णिमेला जायचे होते. पण श्रीलंकेच्या समुद्राचे वेळापत्रक पावसाळ्यावर चालते. मे महिन्यात नैऋत्य मोसमी पाऊस येतो आणि दक्षिण-पश्चिम किनारा खवळतो. तेव्हा पूर्वेकडच्या अरुगम बे येथे हंगाम सुरू होतो, पण तिथल्या मुख्य जागेच्या लाटा शिकाऊ माणसासाठी नव्हेत. नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण-पश्चिम किनारा शांत असतो. तिथे गॅलेच्या पुढे वेलिगामा नावाचे गाव आहे. सिंहली भाषेत 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे गाव. नावाप्रमाणेच तिथे पाण्याखाली खडक नसून वाळू आहे. लाटाही बेताच्या, म्हणून नवशिके तिथे जातात. कोलंबोहून किनाऱ्याकाठची रेल्वे थेट तिथवर जाते.

म्हणजे आईला वैशाख हवा आणि मुलीला डिसेंबर. वाद चालला असता, पण तोड डिसेंबरातच सापडली. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रमार्गे लंकेला गेली. तिच्या आगमनाची आठवण श्रीलंकेत डिसेंबरच्या पौर्णिमेला पाळतात. २०२६ च्या डिसेंबरात ही पौर्णिमा नाताळच्या तोंडावर आहे. आईला सांगितले, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अशोकाची लेक समुद्रातून गेली, मग आपल्या लेकीला कशाला अडवता?" झाले, ठराव मंजूर!

मग आमच्या अटी. सहा डिसेंबरचे दादर चुकवायचे नाही, ही पहिली. त्या दिवसांत अनुराधपूरकडे पाऊस असतो, म्हणून छत्र्या बरोबर, ही दुसरी. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा इशारा देणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. आता आहे. आपल्या हैदराबादलाच २००७ पासून तसे केंद्र आहे. तरीही राहायची जागा घेताना उंचवट्याकडे जायचा रस्ता विचारून ठेवायचा, ही तिसरी. आणि चौथी, सगळ्यांत मोठी : आधी पोहणे शिकायचे, मगच फळीला हात लावायचा.

मुलीने अट मान्य केली. जानेवारीपासून ती शहरातल्या एका तरण तलावावर जाऊ लागली. पहिल्या महिन्यात तरंगायला शिकली, आता न थांबता २०० मीटर पोहते. सर्फिंगचे नियमही तिने आम्हाला वहीत लिहून दिले आहेत. शिकाऊने मऊ फेसाची, आठ-नऊ फुटी फळी घ्यायची. फळीचा पट्टा घोट्याला बांधायचा. आधी वाळूवर पालथे पडून झटकन उठायचा सराव करायचा, मग कमरेएवढ्या पाण्यात फुटून आलेल्या पांढऱ्या लाटेवर. शिकवणाऱ्याशिवाय आत जायचे नाही. आणि पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झटायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यायचे. हे शेवटचे आम्ही तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

पण वाचकहो, खरी परीक्षा आमचीच झाली. मे महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आम्हाला तलावावर नेले. चाळिशी उलटलेले आम्ही, उथळ बाजूला सात-आठ वर्षांच्या पोरांमध्ये उभे. कठडा सोडवेना. मुलगी म्हणाली, "पप्पा, मान मागं टाका, मी धरलंय." पाठीखाली तिचा हात होता. आम्ही मान मागे टाकली. कानांत पाणी गेले, बाहेरचे आवाज बंद झाले, वर फक्त आभाळ. तिने हात कधी काढून घेतला ते आम्हाला कळलेही नाही. चार-पाच श्वास आम्ही तरंगलो असू. मग घाबरून उभे राहिलो आणि खोकलो. शेजारच्या पोराने टाळ्या वाजवल्या.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी पिण्याचा हक्क आपल्याला त्या लढ्याने शिकवला. पण पाण्यात उतरावे, त्यात खेळावे, त्यावर उभे राहावे, हे आमच्या पिढीला सुचलेच नाही. ते आमच्या मुलीला सुचले.

आम्ही सामाजिक कामात आहोत, म्हणून शेवटी एक विनंती केल्यावाचून राहवत नाही. लंकेला जा किंवा जाऊ नका, फळीवर उभे राहा किंवा राहू नका. पण आपल्या मुला-मुलींना पोहायला शिकवा. शिकवणारा माणूस गाठा, काठावर दोर धरून उभे राहा. आमच्या वस्तीत येत्या उन्हाळ्यात दहा मुलांची यादी करून त्यांना तलावावर नेण्याचे आम्ही ठरवले आहे. तसे अर्ज लिहिणे आम्हाला आवडेल.

बेताच्या वहीत एक दुरुस्ती झाली आहे. पूर्वी वेलिगामाच्या पानावर लिहिले होते : 'मुलगी पाण्यात, बाकी तिघे वाळूवर.' आता आईने सांगून बदलून घेतले आहे : 'मुलगी लाटेवर, आम्ही दोघे कमरेएवढ्या पाण्यात, आई घोट्यापर्यंत.'