मूड गेरूचा!

स्ट्रेस घालवायला कोण काय करेल सांगता येत नाही. माझी एक मैत्रीण झुंबाला जाते, दुसरी रविवारी पहाटे चारला उठून गड चढते आणि मी? मी तीन इंचांच्या बैलगाड्या रंगवते. बैलगाडी, झोपडी, धान्याची कणगी, तारपा वाजवणारा माणूस. सगळं तळहातावर मावेल एवढं आणि सगळं एकाच रंगात. गडद लाल. गेरू!

‘बोअर नाही होत एकाच रंगाचं?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नाही होत. कारण गेरू हा एक रंग नसतोच मुळी. ओला असताना तो जवळजवळ चॉकलेटी दिसतो, वाळला की विटकरी होतो. दुसरा हात मारला की गडद होतो. भाजक्या मातीवर तो चटकन शोषला जातो, पुठ्ठ्यावर मात्र आळसावून बसतो. हा लाल लोखंडाच्या ऑक्साइडमधून येतो. आपल्या गंजलेल्या गेटचा लालसरपणा याच कुळातला! त्यामुळे उन्हात तो सहसा विटत नाही.

हे खूळ मला लागलं डहाणूत. चर्चगेटहून थेट डहाणू रोड लोकल २०१३ पासून सुरू झाली आणि आपल्या मुंबईकरांसाठी डहाणू म्हणजे चिकू आणि बीच एवढंच राहिलं. मीही एका फीचरसाठीच गेले होते. तिथल्या एका पाड्यावर एका मावशींच्या घराची भिंत पाहिली. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी माणसं. भिंत रंगवायला मला कोण देणार? मावशींनी हातात एक मातीची छोटी गाडी दिली, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी दिली आणि म्हणाल्या, ‘यावर कर.’ तेव्हापासून सुरूच आहे.

दोन त्रिकोण, एक माणूस

वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. सोप्पं वाटतं ना? मग दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या चाकाशेजारी तो काढून बघा. कंबर जरा जाड झाली की माणूस डमरू होतो. बाईला अंबाडा हवा, तारपा वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले वाटायला हवेत आणि नाचणाऱ्यांची रांग गोल गोल फिरत राहायला हवी. या कामात मोबाइल बघता येत नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. डेडलाइनवाल्या मंडळींसाठी यापेक्षा मोठी थेरपी नाही!

आज कुशन कव्हरपासून कॉफी मगपर्यंत सगळीकडे दिसणारी ही कला कागदावर आली १९७०च्या दशकात. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या भागात येऊन वारल्यांना कागद आणि रंग दिले. त्यातून पुढे आले डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेल्यावर बोलणंच थांबलेला हा मुलगा मातीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा. १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या प्रदर्शनात लागली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

पण मशेंच्या आधी हे काम बायकांचं होतं. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर चौक लिहायच्या, मधोमध पालघट देवी आणि धवलेरी गाणी म्हणायची. चौकाशिवाय लग्न नाही! कागद आला, बाजार आला आणि काडी बऱ्याच अंशी पुरुषांच्या हातात गेली. मावशी हे सांगताना चिडत नाहीत. ‘भिंत आमचीच आहे,’ एवढंच म्हणतात.

ऑर्डर आली, आता काय?

मागच्या दिवाळीआधी एका कंपनीत एचआरला असलेल्या मैत्रिणीचा फोन आला. स्टाफला गिफ्ट द्यायला पन्नास बैलगाड्या हव्या होत्या, ‘वारली थीम’मध्ये. रेट नगाला सहाशे रुपये. हिशेब करा. तीस हजार! फ्रीलान्सरचे चेक कधी येतात हे ज्याला माहीत आहे, त्याला तीस हजार म्हणजे काय ते सांगायला नको. माझं दोन महिन्यांचं भाडं होतं ते.

रात्रभर विचार केला. स्वतःच्या टेबलासाठी रंगवणं वेगळं आणि ‘वारली’ म्हणून विकणं वेगळं. या चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय मिळालाय. चिकूइतकंच तेही इथल्या मातीचं नाव आहे. सकाळी मैत्रिणीला मावशींच्या सुनेचा नंबर दिला. ती माझ्यापेक्षा दसपट सफाईने काम करते.

अडचण त्यानंतर सुरू झाली. सुनेनेही सहाशेच सांगितले, तर कंपनीकडून निरोप आला की तीनशेत जमवा. ‘तिकडे स्वस्त पडतं ना?’ म्हणजे तीच गाडी, तोच गेरू, उलट हात जास्त तयार. पण मी अंधेरीत बसून रंगवली तर सहाशे आणि तिने पाड्यात बसून रंगवली तर तीनशे!

मला तलासरी आठवलं. मे १९४५ मध्ये तिथल्या झरी गावात वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. जमीनदाराकडे फुकट राबणं बंद. तो लढा उभा करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं, त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीने ते नाव फक्त जनरल नॉलेजसाठी पाठ केलंय. त्या लाल बावट्याच्या मुलखात अर्ध्या दामाचा निरोप घेऊन जायला माझी जीभ रेटेना. मी मैत्रिणीला सांगितलं, निरोप मी पोचवणार नाही, तूच फोन कर.

तिने केला. सुनेने शांतपणे ‘परवडत नाही’ म्हटलं. शेवटी पन्नासाच्या वीस गाड्या झाल्या, पण सहाशेनेच. उरलेल्या तीस जणांना छापील पेनस्टँड मिळाले. माझ्या भाड्याचं म्हणाल, तर मी दोन जास्तीची भाषांतरं केली. मैत्रीण आठवडाभर फुगली होती, मग स्वतःच एक गाडी विकत घेऊन आली.

ट्राय करायचंय?

* गेरूची पावडर रंगाच्या दुकानात मिळते. पाण्यात कालवा, पकड यावी म्हणून थोडा फेव्हिकॉल घाला.
* कुंभाराकडची भाजलेली, पॉलिश नसलेली खेळणी घ्या. दोन पातळ हात द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या.
* पांढऱ्यासाठी तांदळाचं बारीक पीठ, पाणी आणि डिंक. घाई असेल तर पांढरा पोस्टर कलर.
* बांबूची काडी नसेल तर टूथपिक चालते.
* गिफ्ट द्यायचं असेल तर डहाणू-तलासरीच्या कलाकारांकडून घ्या आणि घासाघीस करू नका.
* झाड काढा, मोर काढा, हवं तर लोकल ट्रेन काढा. चौक तेवढा काढू नका. तो लग्नघरातल्या बायकांचा आहे.