न दिसणारा वारा

नांदुरा स्थानकाच्या फलाटावर आम्ही तिघे उभे होतो. सुट्टी संपवून मुंबईला परतणारा एक तरुण, त्याला निरोप द्यायला आलेली त्याची आई आणि मी. गाडीला अवकाश होता. तेवढ्यात नांदुऱ्याला न थांबणारी एक एक्स्प्रेस येत असल्याची घोषणा झाली. बोलण्याच्या नादात मी पिवळ्या रेषेपलीकडे केव्हा गेलो, ते माझे मलाच कळले नाही. त्या तरुणाने दंड धरून मला मागे ओढले. क्षणार्धात गाडी धडधडत निघून गेली. फलाटावरची धूळ, कागद आणि माझ्या हातातले वर्तमानपत्र तिच्यामागे धावत सुटले.

‘‘फादर, डब्याचा धक्का लागावा लागत नाही. नुसता वाराही पुरतो,’’ तो म्हणाला.

हे त्याला ठाऊक असणारच. गेली सहा वर्षे तो मुंबईच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करीत आहे. विमाने उभी राहतात त्या जागेला तिथले लोक ‘रॅम्प’ म्हणतात. त्याच्या आईने मात्र या कामाची धास्ती घेतली होती. ‘‘फादर, तुम्हीच सांगा न याले, ते नोकरी सोड म्हणा,’’ ती म्हणाली. मला स्थानकावर बोलावण्यामागे तिचा हाच हेतू होता.

मी लगेच उत्तर दिले नाही. आधी त्याला कामाविषयी विचारले. जेट इंजिन समोरून हवा ओढून घेते आणि मागून ती प्रचंड वेगाने फेकते. बोईंग ७३७ सारख्या विमानाचे इंजिन नुसते मंद गतीवर फिरत असले, तरी समोरची सुमारे ३ मीटर आणि मागची सुमारे ३० मीटर जागा धोक्याची असते. उभे विमान जागचे हलवताना वैमानिकाला जोर वाढवावा लागतो, तेव्हा हे अंतर आणखी वाढते. विमान वळले की झोतही वळतो आणि मघापर्यंत निर्धोक असलेल्या जागी रिकामी पेटी, शिडी किंवा माणूसही फेकला जाऊ शकतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर दिवसाला ९०० हून अधिक विमानांची ये-जा चालते. त्या गोंगाटात कानांवर संरक्षक साधन चढवलेले. कोणत्या विमानाचे इंजिन सुरू आहे, हे आवाजावरून कसे ओळखायचे?

‘‘मग कळते कसे?’’ मी विचारले.

‘‘विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा असतो, फादर. तो विझेपर्यंत जवळ जायचे नाही.’’

नियम इतका साधा आहे; तरीही माणसे जातात. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईहून हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात तिथलाच एक तंत्रज्ञ ओढला गेला. जमिनीवरची माणसे दूर झाल्याची खूण मिळण्याआधीच विमान पुढे सरकले होते. १२ जुलै २०१७ रोजी कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या झोताने एक न्यूझीलंडची पर्यटक महिला कुंपणापासून फेकली जाऊन मरण पावली. धोक्याचा फलक तिथे होता. पण वारा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर आपला विश्वास बसत नाही.

ऐकता ऐकता मला माझेच एक वागणे आठवले. एकदा मुंबईला उतरल्यावर आमचे विमान मुक्कामाच्या जागेअलीकडेच बराच वेळ थांबले. घड्याळाकडे पाहून सर्वांत आधी कुरकुर केली ती मीच. समोर कुणी मजूर अजून बाजूला व्हायचा असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. रॅम्पवरची सारी घाई शेवटी आमच्यासारख्यांसाठीच चालते. मग या मुलाला ‘नोकरी सोड’ असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगाच उभा राहील.

आई माझ्याकडे पाहत होती. अचानक तीच म्हणाली, ‘‘याचा बाप खळ्यावर उफणाले उभा राह्यला का लेकरायले भुसाच्या बाजूले फिरकू देत नव्हता.’’

‘‘खळ्यावर भूस दिसते, आई,’’ मुलगा हळूच म्हणाला, ‘‘तिथं काहीच दिसत नाही.’’

मग मी त्याला एवढेच सांगितले, ‘‘कुणी कितीही घाई केली, तरी दिवा विझेपर्यंत थांब. उशिराबद्दल बोलणी खावी लागली, तर खा.’’ त्याने मान डोलावली. आईचे समाधान झाले नव्हते. ते माझ्या शब्दांनी होणारही नव्हते.

गाडी आली. ती पूर्ण थांबेपर्यंत आम्ही तिघेही पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभे राहिलो.