प्रिन्स्टनला दुर्मीळ, दिल्लीला नेहमीचे

१६ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत ‘हाऊस’ या मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. बालवाडीतील एक तरुण शिक्षिका शिकवता शिकवता असंबद्ध बोलू लागते आणि झटका येऊन वर्गातच कोसळते. प्रिन्स्टन येथील एका काल्पनिक रुग्णालयात तिच्या आजाराविषयीचे तर्क एकामागून एक फोल ठरतात. डॉक्टरांनाही ती वाचेल याची खात्री उरत नाही. अखेर निदान होते ते मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या, अळीचे. या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

तोच भाग दिल्लीच्या मयूर विहारातील एखाद्या घरात पाहिला गेला, तर त्यातील रहस्य बहुधा निम्म्यावरच संपेल. शेजारच्या मुलाला फिट आली, सीटी स्कॅनमध्ये ‘कीडा’ निघाला, ही हकिकत उत्तर भारतात नवलाची नाही. प्रिन्स्टनच्या डॉक्टरांना जे निदान सर्वांत शेवटी सुचते, ते दिल्लीतील मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मज्जाविकार विभागात पहिल्या दोन-तीन शक्यतांमध्येच असते. आजार एकच असला तरी त्याची पूर्वसंभाव्यता स्थळानुसार बदलते. ‘दुर्मीळ’ हा रोगाचा स्वभावधर्म नव्हे. रोग कोठे पाहिला जात आहे, यावर ते विशेषण अवलंबून असते.

मग मालिकेने हा आजार का निवडला? ‘हाऊस’च्या कल्पनेचे एक उगमस्थान ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीतील डॉ. लिसा सँडर्स यांचे सदर होते. बुचकळ्यात टाकणारे खरे रुग्ण आणि त्यांचे लांबलेले निदान, हा त्या सदराचा विषय. पुढे सँडर्स याच मालिकेच्या वैद्यकीय सल्लागार झाल्या. नायकाच्या पूर्वजांतही एक खरा वैद्य आहे. एडिंबरोचे शल्यविशारद जोसेफ बेल यांच्या निरीक्षणशक्तीवरून कॉनन डॉयल यांना शेरलॉक होम्स सुचला आणि होम्सवरून हाऊस घडला. खरी प्रकरणे पडद्यावर येतात ती अशा चाळणीतून. चाळणीवर उरते ते विलक्षण. नेहमीचे खाली गळून जाते.

या देवाणघेवाणीचा उलटा प्रवासही नोंदला गेला आहे. हृदय निकामी होत चाललेला, दृष्टी आणि श्रवणशक्ती गमावत असलेला एक रुग्ण जर्मनीतील मारबुर्ग येथे दाखल झाला होता. डॉ. युर्गेन शेफर यांना ‘हाऊस’मधील एका भागाची आठवण झाली आणि त्यांनी त्याच्या खुब्याच्या कृत्रिम धातूच्या सांध्याकडे लक्ष वळवले. रक्तातील कोबाल्टचे प्रमाण प्रचंड वाढलेले आढळले. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे प्रकरण प्रसिद्ध केले. विलक्षणाचा संग्रह निरुपयोगी नसतो, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

तथापि, पट्टकृमीच्या बाबतीत अधिक मोठे नाट्य भारतातच घडले आणि त्यावर मालिका झाली नाही. १९८० च्या दशकात आपल्याकडे सीटी स्कॅनची यंत्रे आली. फिट येणाऱ्या असंख्य रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसा, उजळ ठिपका दिसू लागला. क्षयरोगाच्या या देशात तो ठिपका क्षयाची गाठ समजला जाणे स्वाभाविक होते. रुग्णांना कित्येक महिने क्षयाची औषधे दिली जात. ठिपका नाहीसा होई, आणि औषध लागू पडले असे सर्वांना वाटे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चंडी, डॉ. वेदान्तम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. काही रुग्णांच्या मेंदूतील ठिपक्याचा नमुना काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात मरू घातलेल्या अळीचे अवशेष दिसले. शिवाय क्षयाची औषधे न देता केवळ फिट रोखणारी औषधे दिली, तरीही अनेकांचे ठिपके विरून गेले. जे आपोआप बरे होणार होते, त्याचे श्रेय औषधाला दिले गेले होते. पुढे त्यांनी निकषही ठरवले: गाठ २० मिलिमीटरहून लहान असावी, मेंदूतील दाब वाढल्याची लक्षणे नसावीत, इत्यादी. या निकषांमुळे अनेकांची शस्त्रक्रिया आणि अनावश्यक औषधे टळली. या कथेत एका रात्रीत निदान करणारा चिडखोर प्रतिभावंत नाही. वर्षानुवर्षे जुळवलेल्या नोंदी आणि तुलना आहेत, आणि त्या चाळीस मिनिटांत मावत नाहीत.

नेहमीच्या आजाराची कथा कोणी नीट सांगत नाही, तेव्हा ती जागा अफवा घेते. ‘कोबीतला कीडा डोक्यात जातो’ ही त्यांपैकी सर्वांत चिवट. कोबीवरची हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते. तिचा या आजाराशी संबंध नाही. मालिकेतील निदानही डुकराच्या मांसापासून सुरू होते, त्यामुळे शाकाहारी माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटू शकते. वस्तुतः अर्धवट शिजलेल्या मांसातून आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत अळी जाते ती पट्टकृमीची अंडी गिळली गेल्यामुळे, आणि ही अंडी पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मैलामिश्रित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी, स्वयंपाक करणाऱ्याचे अस्वच्छ हात, या मार्गांनी ती कोणाच्याही ताटात पोहोचू शकतात. मयूर विहाराच्या पश्चिमेला यमुनेच्या खादरात भाज्या पिकतात. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते, हे तिथल्या रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा कोबीला दोष देण्यापेक्षा मैलापाण्याच्या शुद्धीकरणाविषयी विचारणे अधिक शास्त्रीय ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, या कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते. म्हणजे हा अपस्मार टाळता येण्याजोगा आहे. तरीही आपल्याकडे फेफरे म्हटले की कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते आणि मुलीच्या घरी ती गोष्ट लग्नापर्यंत लपवली जाते. ही भीती कायद्यातही होती. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीने दूर झाला, ‘हाऊस’च्या त्या पहिल्या भागापूर्वी अवघी पाच वर्षे.

विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ ही रुग्णालयावरची मालिका केली होती. म्हणजे हा प्रकार आपल्याला परका नाही. पुढे कोणी अशी मालिका लिहील, तेव्हा दुर्मीळ रोगाच्या शोधात प्रिन्स्टनला जाण्याचे कारण नाही. फिट आलेला मुलगा, हातात स्कॅनचे पाकीट घेऊन रांगेत उभी असलेली आई, आणि ‘हे बरे होते’ असे दोन मिनिटांत पटवून देऊ पाहणारा थकलेला निवासी डॉक्टर, एवढे पुरेसे आहे.

तोपर्यंत प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे थोडेसे: फिट आलेल्या व्यक्तीला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.