पडल्यावर उठावे कुठे?

आमच्या माळ्यावर 2005 साली घेतलेला एक डबा टीव्ही आहे. भंगारवाल्याने तो उचलून न्यायचे उलट माझ्याकडेच पैसे मागितले, म्हणून राहिला. गेल्या जूनमध्ये न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने मात्र त्याला चक्क मिठी मारली.

"मामा, हे सोनं आहे! नव्या टीव्हीवर चित्र कणभर उशिरा येतं. ह्याच्यावर नाही येत."

कणभर उशिराने माणसाचं काय बिघडतं, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्या मला कळेना. पण त्याने बॅगेतून गेमक्यूब नावाची चौकोनी पेटी काढली, वायरी खोचल्या आणि म्हणाला, "चल, मेले खेळू."

"कोण मेले?" आतून आईने घाबरून विचारलं.

कोणी मेलं नव्हतं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' हा निन्टेंडोचा 2001 सालचा खेळ. म्हणजे माझ्या टीव्हीपेक्षाही म्हातारा. पण त्याच्या स्पर्धा अजून भरतात. मारामारीचा खेळ खरा, पण मार खाल्ला की ह्यात टक्के वाढतात. जितके टक्के जास्त तितका माणूस लांब उडतो, आणि मंचाबाहेर पडला की गेला. टक्के शंभराच्या पुढेही जातात. थकीत कर्जाची खाती सांभाळणाऱ्याला हे चटकन समजतं.

मी कॅप्टन फाल्कन घेतला. डोक्यावर हेल्मेट, दंडात बेटकुळ्या. कॉमर्स ग्रॅज्युएटला आवडावा असाच. भाच्याने शीक नावाची सडपातळ व्यक्ती घेतली. तिने मला धरलं, जमिनीवर आपटलं आणि मी उठून जाईन तिथे येऊन पुन्हा धरलं. असं सात वेळा!

"तुला आधी कसं कळतं रे, मी कुठे जाणार ते?"

"आधी कळत नाही, मामा. आधी धावलो तर चुकतो." मग त्याने शिकवणी घेतली. आपटण्याच्या आधीच्या 20 फ्रेममध्ये, म्हणजे एक तृतीयांश सेकंदात, बटण दाबलं तर पडलेल्याला तीन वाटा: जागच्या जागी उठणे, डावीकडे लोळणे, उजवीकडे लोळणे. बटण चुकलं तर चौथी, नुसतं पडून राहणे. लोळण 40 फ्रेमची. पहिल्या 20 फ्रेम हात लावता येत नाही, पुढच्या 20 फ्रेम माणूस उघडा. म्हणून आपटणाऱ्याने लगेच धावायचं नाही. जवळ उभं राहायचं, बघायचं, आणि मग धावून धरायचं.

"पण एवढ्यात बघून होतं?"

"नाही झालं तर सवय बघायची. तुझ्यासाठी बघावंही लागत नाही. तू दर वेळी माझ्यापासून लांबच लोळतोस."

वाक्य साधं होतं. पण रात्री झोप येईना.

आमच्या बँकेत दरवर्षी बढतीची विचारणा होते. अधिकारी झालं की बदली आलीच. मी दरवर्षी नकार देतो. एकदा मुलीची दहावी होती, मग बारावी, मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. लोळण घ्यायला कारण लागतं, आणि ते मला मिळत आलं. यंदा मात्र मुलगी पुण्याला शिकायला गेलेली, आणि आई तर सकाळी देवळाच्या पायऱ्या चढून येते.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. काही विचारलं नाही. नुसता एक कागद पुढे सरकवला. 'कौटुंबिक अडचणींमुळे मला बढती नको.' मजकूर गेल्या वर्षीचा, तारीख यंदाची. सहीच्या जागी पेन्सिलीने फुलीसुद्धा होती. मी लोळत जाणार त्या जागी साहेब आधीच येऊन उभे होते!

मी कागदाकडे पाहिलं. एक तृतीयांश सेकंद नक्की गेला असेल.

"साहेब, दुसरा फॉर्म असतो ना? अर्जाचा?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तो फॉर्म त्यांना ड्रॉवरमध्ये बराच वेळ शोधावा लागला.

घरी सौभाग्यवतींना सांगितलं. तिने पोळी उलटली, ती फुगेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "बदली झाली तर त्या टीव्हीचं काय करणार?"

"बरोबर नेणार," मी म्हटलं. "नव्या टीव्हीवर सगळं उशिरा दिसतं."

"तुम्हाला जुन्यावरसुद्धा वीस वर्षांनी दिसलं," ती म्हणाली आणि पोळी माझ्या ताटात टाकली.