ओलावा मोजतात तो वाळवण्यासाठी

दारव्हा

प्रिय बाळा,


दिवाळीत तू आलास तेव्हा अंगणात सोयाबीन वाळत होतं. दुपारी आभाळ भरून आलं. सगळे ताडपत्री घेऊन धावले आणि तू ओट्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. ‘काऊन रे, दिवसभर तेच!’ असं ओरडून मी तुझ्या हातून फोन ओढून घेतला. तू एक शब्द बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नागपूरला निघून गेलास.

पुढच्या आठवड्यात मी माल खरेदी केंद्रावर नेला. हमालाने पोत्यात हात घातला, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाला, ‘ओला वाटते.’ पण त्याच्या वाटण्यावर माल परत गेला नाही. मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, आकडा आला १४. हमीभावाला १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. दोन दिवस ऊन दाखवून मी माल पुन्हा नेला. येताना तुझी आठवण झाली. तुझ्या बाबतीत मी नुसता पोत्यात हात घालून निकाल देऊन टाकला होता.

मग फोनच्या सवयीचं असं काही माप आहे का, ते शोधत बसलो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१३ साली शाळकरी मुलांसाठी दहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण, म्हणजे बेरीज १० ते ६०. धोक्याची रेघ मुलांसाठी ३१, मुलींसाठी ३३. त्यात ‘किती तास’ हा प्रश्नच नाही. ठरवलेलं काम फोनपायी राहून जातं का? मान, मनगट दुखतं का? फोन जवळ नसला की जीव कासावीस होतो का? पाच मिनिटं म्हणून घेतलेला फोन तासभर सुटत नाही, असं होतं का? विचारलंय ते हे. फोनवर चार तास लेक्चर ऐकणारा मुलगा आणि चार तास नुसतं बोट सरकवणारा मुलगा मला ओट्यावर सारखेच दिसले असते.

तू त्या मुलांहून मोठा आहेस. कोरियातली रेघ नागपूरच्या होस्टेलला तंतोतंत लागू पडेल असंही नाही. आणि आकडा म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन नाही. पण प्रश्न मात्र तुलाही लागू आहेत, मलाही.

काही गावांनी मात्र दुसरी वाट धरली. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. या गावांची कळकळ मला कळते. पण तू अठरा ओलांडलीस. तुझ्या खोलीत भोंगा वाजणार नाही, हातून फोन ओढायला मामाही नसेल. म्हणून माप तुझ्याच हाती असावं असं मला वाटतं.

दहा प्रश्न वहीच्या पानावर उतरवून सोबत ठेवले आहेत. निवांत बसून खरंखरं भर. आकडा मला सांगितलाच पाहिजे असं नाही. जास्त आला तर रात्री झोपताना फोन उशाशी न ठेवता टेबलावर ठेव, आणि महिन्याने पुन्हा मोज. तरीही सुटत नाही, अभ्यास-झोप हातची जाते आहे असं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर बोल. फोन फुकट लागतो, मराठीतून बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओला निघाला म्हणून कुणी सोयाबीन फेकून देत नाही रे, ऊन दाखवतात.

त्या दिवशी मी आधी तुला हाक मारायला हवी होती. पुढच्या दिवाळीत आभाळ आलं तर ताडपत्रीचं एक टोक तुझ्या हाती देईन.

तुझा
मामा