चप्पल लाईनीतून मिलानपर्यंत

शिवाजी चौकाकडून चप्पल लाईनीत शिरलं की दुकानांच्या आधी वास भेटतो. कमावलेल्या कातड्याचा आणि तेलाचा हा वास बाहेरच्याला उग्र वाटतो, कोल्हापूरकराला घरचा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पुण्या-मुंबईचे लोक इथे बारा महिने असतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत त्यांच्यात आपल्या घरांतली माणसं मिसळतात. ईदच्या पठाणी कुर्त्याखाली कोल्हापुरीच पाहिजे, हा आमच्याकडच्या पोरांचा जुना हट्ट.

नववीच्या वर्गाला यंदा प्रकल्प दिला होता: आपल्या गावचा माल परदेशात कसा जातो? फौंड्रीवाल्यांची मुलं म्हणाली, आमच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं कास्टिंग जातं. खरं आहे, पण मोटारीच्या पोटात बसलेला तो भाग कोल्हापूरचा आहे हे चालवणाऱ्याला कधी कळत नाही. चपलेचं तसं नाही. तिच्या नावातच गाव आहे. म्हणून मुलांना घेऊन सुभाषनगरात गेले.

तिथे कारखाना असा दिसत नाही. घराचाच पुढचा भाग, त्यात लाकडी ठोकळा, रापी, आरी, हातोडी. म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावतात. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून त्यातच हे पाणी भरून टांगतात, आणि कातडं मुरायला आठवडे जातात. मग तळाचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच वादीने शिवायचे. माझ्या एका विद्यार्थ्याने जोड उलटापालटा करून खिळा शोधला. सापडला नाही. "न्हाईच त्यात, काय हुडकतोस?" मामा हसले. मामी शेजारी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होत्या. पट्ट्यावरचं नाजूक काम बहुतेक घरांत बायकाच करतात.

आपण या चपलेला परंपरा म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण ही चप्पल सतत बदलत आली आहे. जुनी कापशी किंवा पायताण शेतात, दगडधोंड्यांत चालायची वस्तू. जड आणि रांगडी. १९२० च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर घराण्याने ती पातळ केली आणि दोन्ही बाजूंना कानासारख्या पट्ट्या काढल्या. म्हणून ती 'कानवली'. मुंबईच्या एका दुकानदाराने थोडे जोड नेले, ते हातोहात खपले आणि पुढची मागणी आली, असं सांगतात. शहरी पायाला काय झेपेल हे कुणीतरी ओळखलं, म्हणून गावाबाहेरची बाजारपेठ उघडली. पुढे साठ-सत्तरच्या दशकात भारतात भटकायला आलेल्या हिप्पी पोरापोरींनी तीच चप्पल पायात घालून युरोप-अमेरिकेत नेली.

मग आला जून २०२५. इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात अगदी अशीच चप्पल दाखवली आणि तिला नुसतं 'चामड्याचं सँडल' म्हटलं. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. इथे संताप उसळला, महाराष्ट्र चेंबरने पत्र पाठवलं, तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. तिची माणसं जुलैत कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटूनही गेली. डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन्ही राज्यांत मिळून सुमारे २,००० जोड बनवायचे आणि ते सुमारे ८०० युरोंना विकायचे. आपल्या पैशांत ८० हजारांच्या वर. चप्पल लाईनीत चांगला जोड हजार-दोन हजारांना मिळतो. मुलांनी फळ्यावर वजाबाकी केली आणि वर्ग गप्प झाला.

मला मात्र या रकमेपेक्षा कायद्याची बाजू शिकवावीशी वाटली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला सगळे जीआय म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार. पण जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही. नाव न वापरता तोच घाट कुणी उचलला, तर त्याला अडवणं अवघड. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैत फेटाळली गेली. याचिका करणारे जीआयचे मालक नव्हते. मालकी आहे ती त्या दोन महामंडळांची. कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली वेगळी नोंद करावी लागते. ती नसेल, तर मानांकनाचा कागद कार्यालयात राहतो आणि रेक्झिनची स्वस्त नक्कल 'कोल्हापुरी' म्हणून फुटपाथवर विकली जाते. आता लिडकॉमने जोडावर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, ते फार बरं झालं.

बाकीच्या अडचणी साध्या आहेत, आणि म्हणूनच कुणी त्यांची बातमी करत नाही. परदेशी गिऱ्हाईक मोबाईलवर नंबर बघून मागवतं. हाताने कापलेल्या जोडात डावी-उजवी तंतोतंत सारखी यावी लागते, आणि आठ नंबर म्हणजे प्रत्येक घरात तोच आठ नंबर असावा लागतो. कडक तळ नव्या पायाला लागतो. काहींनी आत मऊ थर द्यायला सुरुवात केली आहे. जुने लोक नाक मुरडतात. मला वाटतं, ज्यांनी १९२० साली चप्पल पातळ केली त्यांनी नाक मुरडलं नसतं. आणि नजर इटलीवरच का ठेवायची? आखातात अरब पुरुषही अंगठ्याचं चामडी सँडल घालतात, आणि आपल्या किती घरांतला माणूस तिथे नोकरीला आहे! सुट्टी संपवून परतताना बॅगेत दोन जोड नेणारे आपल्यातच आहेत. तिथली खरी मागणी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक?

एक गोष्ट बोचते. कातड्याच्या व्यापारात आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि कुर्बानीच्या कातड्याला अलीकडे मदरशांना भाव कसा मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथले कारागीर मात्र कमावलेलं चामडं थेट चेन्नईहूनही मागवतात. कमावण्याचं काम कष्टाचं आणि वासाचं, त्यात नवी पिढी यायला तयार नाही. चप्पल मिलानला पोहोचली तरी हा दुवा गावातच तुटत चालला आहे.

निघताना मी मामांना विचारलं, अधिकृत वापरकर्त्याची नोंद केली का? त्यांनी आतून प्लास्टिकची पिशवी आणली. आधार कार्ड, पासबुक, भरलेला फॉर्म. मुलाने सगळं तयार केलं होतं.

"आणि मामींचं?"

"तिचं कशाला, बाई? घर एकच हाय की."

मामींनी हातातली वेणी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "घाला की माझंबी. येणी मीच घालतीया न्हवं?"

मामा थोडा वेळ फॉर्मकडे बघत राहिले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "आणि एक फारम काढ रं."