बडोद्याची उसळ आणि फैयाजखाँची जयजयवंती

ठाण्यातल्या कोलशेतहून गाडीने बडोद्याला जायचं तर सगळ्यात अवघड टप्पा घोडबंदर रोडचाच. पहाटे अंधारात निघूनही गायमुखाशी ट्रकांच्या रांगेत सापडलोच. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून अहमदाबाद हायवेला लागलो, आणि मग मनोर, चारोटी, तलासरी, वापी अशी नावं पटापट मागे पडायला लागली.

बडोदं ठरवलं बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. नवऱ्याच्या मनात उदयपूर होतं आणि लेकीच्या मनात कुठलाही समुद्रकिनारा. बाबांनी कोलशेतच्याच एका कारखान्यात पाळ्या केल्या. रात्रपाळीहून आलं की झोपायच्या आधी रेडिओवरचं गाणं ऐकायचं, ही त्यांची तेव्हापासूनची सवय. गाडीत त्यांनी फोनवर फैयाजखाँची जयजयवंती लावली. जुनी तव्यावरची ध्वनिमुद्रिका, तीन-साडेतीन मिनिटांची, खरखरीसकट. लेक म्हणाली, "आजोबा, हे भांडतायत का?" आग्रा घराण्याचा तो खणखणीत, ठासून लावलेला आवाज पहिल्यांदा ऐकला तर तसं वाटू शकतं. बाबा शांतपणे म्हणाले, "हो, तालाशी भांडतायत. ऐक नीट."

भरूचला खारे शेंगदाणे घेतले. नर्मदेच्या नव्या केबलच्या पुलावर गाडी थांबवायची नसते म्हणून नाइलाजाने पुढे गेलो, आणि दुपारच्या जेवणाला दांडिया बाजारात माझ्या लांबच्या मावशीकडे पोहोचलो. जुन्या बडोद्यात मराठी घरं ज्या भागांत टिकून आहेत, त्यांतला हा एक. मावशी गॅलरीतून भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करत होत्या आणि त्याच दमात मागे वळून आम्हाला म्हणाल्या, "पाय धुऊन घ्या, पानं मांडलीयेत." भाताबरोबर आलेली आमटी गोड होती. बाबांनी काही न बोलता दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटी बाग. तिचं कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटी बागच सांगायचं. दाराशीच सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, त्यालाही इथे काळा घोडाच म्हणतात. मुंबईच्या काळ्या घोड्यावरचा राजा 1965 साली राणीच्या बागेत हलवला, इथला स्वार मात्र अजून घोड्यावर बसलेला आहे. सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. पण त्या मुलाने पुढे काय काय उभं केलं, त्याची व्याप्ती इथे चालताना पायांना कळते.

बागेतच बडोदा म्युझियम आहे. इमारत 1894 ची. आत शिरल्यावर लेक थेट ममीकडे धावली आणि तिथून निळ्या देवमाशाच्या सांगाड्याकडे. तिला मोकळं सोडून मी अकोट्याच्या कांस्यमूर्तींपाशी थांबले. हे अकोटं म्हणजे विदर्भातलं अकोट नव्हे, बडोद्याचाच एक भाग. जमिनीखालून निघालेल्या या जैन मूर्ती साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या. त्यात एक चवरी ढाळणारी स्त्री आहे, वीतभरापेक्षा फार मोठी नाही. कमरेत किंचित कललेली, आणि नेसूच्या चुण्या धातूत इतक्या मऊ उतरल्यायत की ओतकाम आहे हे विसरायला होतं. चवरी उगारून ती हजार-बाराशे वर्षं उभी आहे, ज्याच्यावर ढाळायची तो शेजारी नाही. काचेवर धूळ होती, दिवा मंद होता, पाटीवरची अक्षरं पुसट. उत्तम वस्तू आणि जेमतेम मांडणी, हे आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांचं दुखणं इथेही आहे. तरीही मला ही जागा आवडली, कारण ती गजबजलेली होती. बागेत डबे घेऊन आलेली कुटुंबं, शाळेची पोरं, कडेवर मूल घेतलेल्या बायका, सगळे सहज आत येत होते. म्युझियमला जायचं म्हणून कोणी वेगळे कपडे घातलेले दिसत नव्हते.

शेजारची पिक्चर गॅलरी युरोपातल्या चित्रांसाठी बांधलेली. चित्रं लंडनहून निवडून आणायची होती. इमारत 1914 पर्यंत तयार झाली, तोच महायुद्ध सुरू झालं. चित्रं तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडायला 1921 साल उजाडलं. बाबांना त्या तैलचित्रांत रस नव्हता. ते बाकावर बसून राहिले आणि एका स्थानिक आजोबांशी कापडगिरण्यांवर बोलत बसले.

रविवर्म्यासाठी मात्र लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये जावं लागतं. राजपुत्रांच्या शाळेची ही जुनी इमारत. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून करून घेतलेली पुराणातली चित्रं इथे आहेत. त्यांच्या छापील प्रती मी लहानपणी कॅलेंडरवर इतक्यांदा पाहिल्या होत्या की मूळ चित्रासमोर काही वाटेल, असं वाटलं नव्हतं. जवळून पाहिलं तर जरीच्या काठावर रंगाचा जाडसर थर आहे, प्रत्येक बुट्टीला उजेडाचा वेगळा ठिपका दिलेला. कॅलेंडरवर तो काठ नुसता पिवळा पट्टा असतो. पुराणातल्या बायकांना त्याने नऊवारी नेसवली, आणि दक्षिणेतून आलेल्या चित्रकाराची ही आवड पुढे देशभरच्या देवघरांत पोहोचली. लेक म्हणाली, "पणजीच्या फोटोसारखंच नेसलीये ही." फोटो काढायला मनाई होती, ते एका परीने बरंच झालं.

तोवर भुकेने जीव जायला आला होता. शेव-उसळ खाल्ल्याशिवाय बडोदं सोडायचं नाही, असं मावशींनी बजावलं होतं. महाकालीची शेव-उसळ म्हणून प्रसिद्ध गाडी आहे, तिथे उभ्यानेच खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची पातळ, गरम उसळ, वर मूठभर शेव, चिरलेला कांदा, लसणाची चटणी आणि बरोबर पाव. तर्री वेगळी मिळते, आपल्या जिवाच्या बेताने ओतायची. नवरा मामलेदारच्या मिसळीवर पोसलेला अस्सल ठाणेकर. "यात काय तिखट!" म्हणून त्याने तर्रीचा पळीभर ओघळ सोडला आणि नंतर बराच वेळ बोलला नाही. बाबा म्हणाले, "ही आपलीच उसळ, गुजरातेत येऊन शेवेशी सोयरीक जमवून बसली." शेव मात्र लगेच खायला हवी, दोन मिनिटांत लगदा होतो. घरी नेण्यासाठी लीलो चिवडा घेतला. बटाटा आणि हरभरा डाळीचा हा चिवडा मऊ, ओलसर, आंबटगोड असतो. कुरकुरीत चिवड्याच्या अपेक्षेने तोंडात टाकला की फसगत होते. मला तो पहिल्या घासाला नाही आवडला, हायवेवर परतताना मात्र अर्धी पिशवी मीच संपवली.

संध्याकाळ बाबांची. सूरसागर तलावासमोर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे. तिचं मूळ म्हणजे मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेली गायनशाळा. गाणं शाळेत, वहीत लिहून, कुणालाही शिकवायचं, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. पुढे 1916 मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तीही बडोद्यातच. दरबारचे गवई कलावंत खात्याचे नोकर असत, आणि त्यांना हजेरी, रजा, दंड असले नियम लागू होते. बाबांना हे फार आवडलं. "म्हणजे आमच्यासारखंच, कार्ड पंच करून ललत गायचा!" फैयाजखाँ याच दरबारात होते, 1950 मध्ये याच शहरात वारले. तरुण अब्दुल करीमखाँही इथल्या दरबारात गात. माने सरदारांच्या घरातल्या ताराबाईंशी त्यांचं जुळलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. त्यांची मुलगी 1905 मध्ये मिरजेत जन्मली, आणि पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून गाजली. ज्या गावातून आईबापांना निघून जावं लागलं, ते नाव तिने मैफलीत मिरवलं. बाबांना बडोदं बघायचं होतं ते एवढ्यासाठी.

वर्ग सुटत आले होते. वरच्या खिडकीतून तबल्याचा एकच कायदा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, तिसऱ्या आवर्तनात कुणाचा तरी हात अडखळत होता आणि गुरुजींचा आवाज चढत होता. आम्ही फाटकाशी बराच वेळ उभे राहिलो. ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे, नाटक-गाण्याची ददात नाही. पण वस्तू बघायच्या, जुनं काही निरखायचं, म्हणून लेकीला घेऊन गावातल्या गावात कुठे जाऊ, हे मला सुचत नाही. दर वेळी मुंबईची लोकल धरावी लागते. बडोद्याच्या मुलांना ते बागेत खेळता खेळता मिळतं, याचा मला उघड हेवा वाटला.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आणि त्यातली मराठा काळातली भित्तिचित्रं राहून गेली, पोहोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची चित्रं धावतपळत पाहिली, ती पुन्हा पाहायला हवीत. बाबांचं म्हणणं, पुढल्या खेपेला नवरात्र सोडून जायचं, गर्दीत काही ऐकू येत नाही. लेकीला मावशींनी गरब्याचे व्हिडिओ दाखवून ठेवलेत, त्यामुळे तिला नवरात्रातच जायचंय. सध्या दोघांत बोलणी चालू आहेत.